मोकळ्या जागेला वळसा

१

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की बाकीचे दुकानदार त्याच्या तोंडाकडे बघतात. मी हातांकडे बघतो. तोंडाचं काय हो, तोंड "नुसतं बघायला आलोय" म्हणतं, घासाघीस करतं, नाक मुरडतं. हात मात्र पसंत पडलेल्या रिळापाशी कधीच जाऊन पोचलेला असतो. आमचं दुकान शिवणसामानाचं. सुया, दोरे, चेन, इलॅस्टिक, टिचबटणं, लेस, अस्तर. शाळा माझी लवकर सुटली. नंतर जे काही शिकलो ते काउंटरमागे उभं राहून, दुसऱ्यांच्या हातांकडून.

काउंटरच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणांची भिंत आहे. एकाही खणावर नाव लिहिलेलं नाही. नवखा माणूस बघून हबकतो, पण ते मी मुद्दाम तसं ठेवलंय. नाव लिहिलं की माणूस वाचत बसतो, आणि वाचायला पाठ फिरवली की गिऱ्हाईक दाराकडे सरकतं. आमची पद्धत अशी की नजर गिऱ्हाइकावर, तोंडाने गप्पा, आणि हात मागे खणात. दुकानात काम करणाऱ्या ताई यात माझ्याही वरताण. कुणी पांढरी टिचबटणं मागितली की ताई त्याच्या सुनेची चौकशी करता करता हात मागे टाकणार, आणि बोटं बरोबर त्याच खणाच्या कडीत.

माझी बायको कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते. कापडाचे गोल तुकडे कापून बटणं मढवायची, हा तिचा विभाग. छोटा हातदाबाचा साचा आहे, त्याचा खट्‌ खट्‌ आवाज दिवसभर चालू. सगळी गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणतात आणि माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात.

आमच्याकडे एक नेमबाजी शिकवणारे सर यायचे. बंदुकीच्या पट्ट्या शिवायला जाड दोरा न्यायचे. एकदा मी सहज विचारलं, "सर, नेम धरताना हात अगदी स्थिर ठेवावा लागत असेल ना?"

"शेठ, स्थिर हात मेलेल्याचा," सर म्हणाले. "जिवंत हात आधी अंदाजाने सुटतो, भरधाव. जवळ गेला की डोळा त्याला सावरून घेतो. वस्तू जेवढी बारीक, तेवढा सावरायला वेळ जास्त. आणि गंमत सांगू? वाटेत काही आडवं असलं तर ते चुकवायचं काम हात तुम्हाला न विचारता करून टाकतो. समोरच्या कपापलीकडची सुई उचलताना तुम्ही कपाचा विचार करता का?"

"नाही बुवा."

"हात करतो."

ते ऐकल्यापासून मला नादच लागला. वाडग्यातली बटणं घ्यायला हात कसा झेपावतो, काउंटरवरची सुई उचलायला शेवटी कसा दबकत जातो, मधे कात्री असली की कसा कमान करून जातो. फुकटचा तमाशा, आणि तोही रोज.

२

एका सकाळी ताई काळी चेन काढत होत्या. चेनचा खण मधल्या रांगेत, ताईंच्या कमरेच्या जरा वर. सरळ हात मागे न्यायचा, कडी ओढायची. ताईंचा हात मात्र वर गेला, बाजूने फिरला आणि पलीकडून खाली उतरला. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून मागची वस्तू घ्यावी ना, तसा.

"ताई, खांदा धरलाय का?"

"नाही हो शेठ. का?"

"हात असा फिरवून का नेलात?"

"कसा फिरवून?" ताईंनी चेन गिऱ्हाइकापुढे टाकली. "सकाळी सकाळी काय खोडी काढताय? तुमच्या खणांची सवय होण्यात माझे केस पांढरे झाले."

थोड्या वेळाने एकाला तीच चेन हवी होती. मी गप्पा मारत हात मागे टाकला, चेन काढली. मला काहीच वेगळं लागलं नाही. पण समोरच्या भिंतीवर आमच्याकडे आरसा आहे, बायका लेस गळ्याशी धरून बघतात तो. त्यात माझा हात दिसला. वर गेला, बाजूने फिरला, पलीकडून उतरला. अगदी अदबीने.

काउंटर आणि खण यांच्या मधली जागा तशी चिंचोळी. मध्यावर मात्र जरा रुंद आहे, एक खुर्ची मावेल एवढी. तिथे आम्ही कधी काही ठेवत नाही. वावरायला मोकळं असावं म्हणून.

त्या वेळीही तिथे काही नव्हतं.

३

मी व्यवहारी माणूस आहे. हिशोब जुळला नाही तर आधी बेरीज तपासतो, मग नशिबाला बोल लावतो. खणाची कडी बाहेर आलीय का बघितलं. खिळा, कुसळ, कोळिष्टक, काही नाही. मग म्हटलं, सवय असेल. कधीकाळी तिथे खोक्यांची थप्पी असेल आणि हातांना अजून ती आठवत असेल. हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

खात्री करायला एक माणूस हवा होता जो काउंटरमागे कधी आलाच नाही. चौकातले टेलर मास्तर आले तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, आज तुम्हीच आत या आणि चेन काढून घ्या."

"काय शेठ, दुकान माझ्या नावावर करताय?"

"आधी चेन तर काढा. मधली रांग, खांबाजवळचा खण."

मास्तर हसत आत आले. हात वर, बाजूने, पलीकडून खाली.

म्हणजे ही सवय नव्हती. तरी मी चेहरा दुकानाचाच ठेवला. "आता डोळे मिटून काढा. जमलं तर चहा माझा."

"चहा तुमचा? मग डोळे काय, श्वाससुद्धा बंद करतो."

मास्तरांनी डोळे गच्च मिटले. हात चाचपडत निघाला, मध्येच वर उचलला गेला, फिरला, उतरला. मास्तरांनी डोळे उघडले आणि विजयाने चहा मागितला.

दोऱ्यासाठी आलेले सर काउंटरच्या पलीकडून हे सगळं बघत होते.

"शेठ, इथली खुर्ची कधी काढलीत?"

"कुठली खुर्ची? इथे कधीच खुर्ची नव्हती."

सर हसले नाहीत. त्यांनी हात उंचावून हवेत सावकाश एक रेघ ओढली, आमचे हात जसे गेले होते तशी. रेघ वर चढली, गोल झाली, खाली उतरून दोन्हीकडे पसरली. डोकं आणि खांदे.

"मग हे सगळे कुणाच्या डोक्यावरून हात घालतायत?" सर म्हणाले.

दोरा काउंटरवर राहिला. सर पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

४

सरांचं बोलणं ताईंच्या कानावर गेलं आणि त्यांचा नूर बदलला. चेन मागितली की त्या संपूर्ण काउंटरला फेरी घालून दुसऱ्या टोकाने जायच्या. त्या जागेकडे पाठ करायची नाही, तोंडही करायचं नाही. एक दिवस म्हणाल्या, "शेठ, माझी बहीण बोलावतेय मला. जाऊ का कायमची?"

ताई गेल्या तर दुकान लंगडं होणार. मी विचार केला. हातांना तिथे कुणीतरी बसलंय असं वाटतंय, आणि डोळ्यांना जागा रिकामी दिसतेय. भांडण एवढंच. मग तिथे खरंच कुणीतरी बसलं तर? वळसा घालायला कारण मिळेल, हात शहाणे ठरतील, ताईंची भीती जाईल. तोडगा मला इतका आवडला की मी स्वतःवरच खूश झालो. पडून राहिलेला माल चालत्या मालाबरोबर खपवायचा, हे तर आमचं रोजचंच.

बायकोला म्हटलं, "अगं, तुझं टेबल मध्ये घेऊ. तिथे उजेड बरा आहे."

तिने साचा थांबवला. "सगळा जन्म कोपऱ्यात बसवलंत. आज एकदम उजेडाची काळजी?"

"डोळ्यांना त्रास होतो म्हणतेस ना."

"मी दारच्या गळक्या नळाबद्दलही म्हणते. त्याचं काय झालं?" पण ती उठली. खूश होती. मध्यावर बसायला कुणाला आवडत नाही?

तिची खुर्ची कोपऱ्यातून मी स्वतः उचलून आणली. ताईंनी टेबल सरकवलं, साचा ठेवला. बायको जाऊन कापडाचे तुकडे घेऊन आली, बसली आणि लगेच अर्धवट उठली.

"आता इथे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. का?"

"खुर्ची गरम लागतेय." तिने तळहात टेकवून बघितला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि बसली.

दिवसभर साचा खट्‌ खट्‌ करत राहिला. ताईंचे हात, माझे हात तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून वळसा घालून खणांकडे जात होते आणि आता त्यात वावगं काहीच नव्हतं. संध्याकाळी ताई आपणहून म्हणाल्या, "बहिणीला कळवते, एवढ्यात येत नाही म्हणून."

५

दुसऱ्या दिवशी पहिला फटका ताईंचाच बसला. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यांनी हात मागे टाकला आणि तो सरळ जाऊन बायकोच्या कानशिलावर आदळला.

"अगं बाई! वहिनी, लागलं का हो?"

"लागेल नाही तर काय! ताई, पगार वाढवून हवा असेल तर यांना मारा, मला कशाला?"

सगळे हसलो. दुपारी मास्तर आले, कात्रीला धार लावून आणली होती. बोलत बोलत त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. टेबलावर म्हणजे टेबलावर असलेल्या बायकोच्या बोटांवर. रक्त आलं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

"वहिनी, आईशप्पथ, तुमचा हात मला दिसत होता. समोर होता हो!"

मग चहावाल्याने गरम कप तिच्या मनगटावर ठेवला. बशीत ठेवावा तसा, अगदी अलगद. तोही तेच म्हणाला, दिसत होत्या, समोरच होत्या. मग मी. गल्ल्याकडे वळताना माझं कोपर तिच्या गालफडात बसलं. इतक्या जोराने की तिचा ओठ फुटला.

"मी काय हवेची झालेय का?" ती म्हणाली. हसायला गेली, पण ओठ दुखला असावा.

मी आरशात बघायला लागलो. वळसे थांबले नव्हते. फक्त वीतभर सरकले होते. तिच्या उजव्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं, तिथून जाताना प्रत्येक हात अदबीने वर उचलला जात होता, फिरत होता, उतरत होता. आणि ती बसली होती तिथून हात असे जात होते, जशी ती मोकळी जागा आहे.

६

टेबल त्याच दिवशी परत कोपऱ्यात नेलं. उपयोग झाला नाही. कोपऱ्यातही तिला फटके बसत राहिले आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेला सगळे जपत राहिले. मध्यावरच्या खणापर्यंत मात्र आता हात सरळ जात होते. तिथलं जे होतं ते तिथे उरलं नव्हतं.

म्हटलं, दुकानाचाच दोष असेल. तिला बाहेर घेऊन निघालो. रस्ता रिकामा, भर सकाळ. समोरून एक सायकलवाला आला. लांबूनच त्याने आम्हाला बघितलं, घंटी वाजवली, हॅंडल वळवलं, आणि सरळ येऊन तिला धडकला.

मी त्याची गचांडी धरली. "आंधळा आहेस का रे?"

तो पोरगा काकुळतीला आला. "काका, चुकवलं होतं मी! दोघींच्या मधून..." तो थांबला. तिच्याकडे बघितलं, तिच्या शेजारी बघितलं. मग सायकल तशीच टाकून दोन पावलं मागे सरला.

"दोघी कोण?" बायकोने विचारलं. रस्त्यात बसल्या बसल्या, खांदा धरून.

तो उलट्या पावली निघून गेला. त्याने उत्तर द्यावं असं मलाही वाटत नव्हतं.

घरी आल्यावर मी तिच्या खांद्याला शेक दिला. घर दुकानाच्याच वर आहे, एक उभा अरुंद जिना चढून. खिडकीतून ऊन आत येत होतं, खालून ताईंनी शटर ओढल्याचा आवाज आला.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मला तिथे का बसवलंत?"

मी सांगितलं. चेनच्या खणापासून सरांच्या रेघेपर्यंत, आणि माझ्या तोडग्याचंही. गिऱ्हाइकाशी मी कधी एवढं सरळ बोललो नसेन. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त खुर्चीच्या उजव्या बाजूला एकदा बघितलं.

"हात पुढे करा. माझ्या गालाला लावा."

मी हात उचलला. जीव मुठीत धरून, इंचाइंचाने नेला, डोळ्यांनी त्याला ढकलत. हात तिच्या गालावर टेकला. गाल उबदार होता.

"आता पटकन."

मी पटकन केलं. हात तिच्या कानामागून निघून गेला आणि तिच्या शेजारी हवेत, गालाच्या उंचीवर, थबकला. टेकला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी तो मागे घेतला आणि धोतराला पुसत राहिलो.

"म्हणजे सावकाश केलं की मी आहे," ती म्हणाली. "घाईत नाही."

"असं नको ना बोलू."

"रडताय काय? सोपं आहे. आपण सावकाश राहू."

७

आणि आम्ही राहिलो. हसाल तुम्ही, पण ते दिवस वाईट नव्हते. दुकान बंद ठेवलं. तिला पाणी द्यायचं तर मी आधी तिच्याकडे बघायचो, मग हाताकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तांब्या भरून आणावा तसा स्वतःचा हात जपून नेत होतो. मी आजवर सगळी कामं नजर दुसरीकडे ठेवून केली. तिच्याकडे इतकं बघणं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं. एकदा ती म्हणाली, "एवढं बघताय, भाव ठरवताय का?" मी म्हटलं, "आता उशीर झाला, माल परत घेणार नाहीत." दोघंही सावकाश हसलो.

फक्त एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. सकाळी अर्धवट झोपेत मी कूस बदलायचो तेव्हा माझा हात तिला ओलांडून पलीकडे जायचा आणि तिथे आरामात पडायचा. जाग आली की मी तो उचलून घ्यायचो. गादी तिथे दबलेली असायची.

आमच्या लग्न झालेल्या मुलीने बोलावलं होतं. तिचं गाव लांब. आम्ही ठरवलं, जायचं, आणि परत यायचं की नाही ते तिकडे गेल्यावर बघायचं. निघायच्या सकाळी पिशव्या ताईंनी आधीच खाली नेऊन ठेवल्या होत्या. खालून त्यांनी हाक मारली, "शेठ, गाडी आलीय. पण घाई नको!"

"घाई कोण करतंय?" बायको जिन्याच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली. उजवा हात कठड्यावर. ती पुढे, मी तिच्या मागे एक पायरी सोडून. ती पाय टेकवायची, थांबायची, मग मी टेकवायचो. जिन्यात उजेड होता. मला तिचा अंबाडा दिसत होता, मानेवरची बारीक बटही दिसत होती. मी एक क्षणही नजर काढली नाही.

अर्ध्यावर तिचा पाय घसरला.

ती ओरडली नाही. फक्त एक हात मागे आला, माझ्याकडे, पंजा उघडा. मला तो दिसला. तुम्हाला शपथेवर सांगतो, मला तो स्वच्छ दिसला, समोर, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी झेपावलो. माझा हात विजेसारखा सुटला आणि त्याने पकडलं. हातात हात आला. घट्ट. माझ्या ओळखीचा, बोटांची टोकं जरा गार, करंगळी किंचित वाकडी. माझा जीव भांड्यात पडला.

मग खालून आवाज आला. पायरीवरून पायरीवर, आणि शेवटी फरशीवर. ताई किंचाळल्या.

मी तिथेच उभा होतो, हात पुढे करून. हातात हात होता. माझा दंड ताणलेला होता, कुणाचं तरी वजन सावरल्यासारखा. मी हाताकडे बघितलं नाही. मी खाली बघितलं.

बायको जिन्याच्या तळाशी आडवी पडली होती, एक पाय नको तसा वळलेला. ताई तिच्यापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या, पण ती ताईंकडे बघत नव्हती. वर बघत होती. माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या हाताच्या टोकाकडे.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण नेहमीसारखा. "कुणाला धरलंय तुम्ही?"

मी बोटं उघडायला लागलो. सावकाश, एकेक करून, सगळी उघडली.

हात सुटला नाही.